आधी भेग मोज, मग कॅम घे

परतवाड्याजवळून,
१६ नोव्हेंबर

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या बोनसमधून कॅमचा, म्हणजे कडा चढताना पडणं अडवायला भेगेत बसवायच्या त्या साधनांचा, अख्खा नवा सेट घ्यायचा आणि जुना कुणाला तरी देऊन टाकायचा, असं तू ठरवत आणलंयस. शिवाय परदेशी निघालेला तुझ्या ओळखीचा एकजण त्याचे आठ कॅम अर्ध्या किमतीत विकतोय, तेही घेऊ का म्हणून विचारलंस. फोनवर हे पाच मिनिटांत उरकलं असतं आणि अर्धं राहून गेलं असतं. इकडे आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली आहेत, दिवसभर मोटारी रिवाइंडिंगला येताहेत, त्यामुळे रात्री दुकानाचं शटर ओढल्यावर थोडं थोडं लिहितोय. आज तिसरी रात्र.

माझं मत आधीच सांगतो. अख्खा सेट घेऊ नकोस. चार नग घे, तेही आपल्या कड्याच्या मापाचे. उरलेल्या पैशातून जुन्या कॅमच्या स्लिंग, म्हणजे दोर जोडायच्या पट्ट्या, बदलून घे. आणि ते आठ कॅम न बघता अजिबात घेऊ नकोस.

ऑक्टोबरमध्ये मी पडलो ते तुला ठाऊक आहे, पण का पडलो ते मी नीट सांगितलं नव्हतं. मामाच्या शेतामागचा कडा, चिंचेच्या वरची भेग. आठेक मीटरवर लाल एक नंबरचा कॅम बसवला होता, दहा मीटरवर पिवळा दोन नंबर (रंग आणि नंबर मापाप्रमाणे). पिवळा बघायला अगदी सुरेख बसला होता, दगडाला टेकणाऱ्या चारही पाकळ्या अर्ध्या मिटलेल्या, दांडा खाली वळलेला. ओढूनही पाहिला होता. वर अर्धा मीटर गेलो, शेवाळ्यावरून पाय सुटला आणि पिवळा माझ्याबरोबर सरळ बाहेर आला. लाल टिकला, चुलतभावाने खालून दोर (बिले) घट्ट धरला, कोपर सोलण्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी वरून दोर टाकून उतरलो आणि भेगेत टॉर्च मारला. दोन्ही बाजूंना कॅमच्या दातांनी ओढलेल्या सरळ रेघा होत्या, काळ्या मातीच्या पातळ थरावर. दगडावर एकही ओरखडा नव्हता. पावसाळाभर वरच्या शेतातलं पाणी त्या भेगेतून वाहतं, गाळ आत चिकटतो आणि सुकला की दगडाच्याच रंगाचा दिसतो. माझा कॅम दगडाला टेकलाच नव्हता.

म्हणून म्हणतो, विनू, त्या जागी आजच सकाळी डब्यातून काढलेला कॅम असता तरी तसाच निघाला असता. कॅम चालतो कसा हे मी दुकानात व्हाइसमध्ये धरून, कागदावर आकृत्या काढून पुन्हा समजून घेतलं. पाकळीची कड साधी गोल नसते, शंखासारखी वाढत जाणारी असते. त्यामुळे पाकळी थोडी उघडलेली असो की बरीच, दगडाला टेकण्याचा कोन तोच राहतो. रे जार्डिन हा अवकाश उद्योगात काम केलेला अमेरिकी अभियंता. त्याने १९७० च्या दशकात योसेमिटीत लपूनछपून हे यंत्र सुधारत नेलं आणि त्याला ‘फ्रेंड’ नाव पडलं. फ्रेंडचा हा कोन १३.७५ अंश. या कोनाचा हिशेब मांडला तर खाली जेवढी ओढ, त्याच्या साधारण दुप्पट रेटा प्रत्येक बाजूच्या दगडावर. मी सत्तर किलोचा नुसता लटकलो तरी एका बाजूला एकशे चाळीस किलोचा दाब. त्या दाबातून जे घर्षण तयार होतं त्यावर आपण लटकतो. दगड कोरडा आणि स्वच्छ असेल तर ते भरपूर मिळतं. मध्ये गाळ, शेवाळ किंवा ओल आली की कोन कितीही अचूक असला तरी धरायला काही उरत नाही. स्लिंगवर १२ किलोन्यूटन अशी ताकद छापलेली असते ती चाचणी यंत्राच्या जबड्यात मोजलेली, आपल्या चिंचेच्या भेगेत नव्हे.

त्या दुप्पट रेट्याची दुसरी बाजू जास्त भीतीदायक आहे. आपला दगड बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. काही ठिकाणी लोखंडासारखा, तर काही ठिकाणी कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत गेलेला. दोन थरांच्या मधला तो लाल मातकट पट्टा तुला आठवत असेल, तिथे नखानेही भुगा निघतो. सुट्या चिपेमागे कॅम लावला आणि पडलो तर कॅम पाचरीचं काम करतो आणि चिपेसकट आपल्याला खाली आणतो. म्हणून कॅम लावण्याआधी तळहाताने ठोकून बघायचं. भरीव दगड गप्प राहतो. पोकळ असला तर रिकाम्या माठासारखा बोलतो. हे तुला माहीत आहे, पण घाईत तू ठोकत नाहीस. गेल्या जानेवारीत दोनदा पाहिलंय मी.

आता मापांचं. पडल्यानंतर मी एक काम केलं जे आपण पहिल्याच वर्षी करायला हवं होतं. गावातल्या सुताराकडून सागाच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या पाचरी करून घेतल्या, प्रत्येक पायरी दुकानातल्या व्हर्नियरने मोजली आणि दोन रविवार दोरावर लटकून कड्यावरच्या सगळ्या भेगा मोजल्या. मामा खालून ओरडत होता, “काय करून राह्यला रे बावा, भेगेत लाकडं काऊन कोंबतं?” कॅम खरोखर लावता येईल अशा ४६ जागा वहीत उतरवल्या. त्यातल्या ३५ जागा २४ ते ६० मिलिमीटरच्या मधल्या. वीस मिलिमीटरच्या खाली फक्त चार, आणि पासष्टच्या वर सात, त्याही बहुतेक एकाच रुंद चिरेत. म्हणजे आपला कडा बोटांच्या आणि पंजाच्या भेगांचा आहे. तू ज्या सेटवर डोळा ठेवून आहेस त्यातले टोकाचे नग वर्षभर पिशवीतच राहतील, आणि ऐन मध्यावर पिवळा संपला म्हणून आपण पुन्हा हिरव्याला ताणत बसू.

कॅमलॉट सी-फोर या कॅमची मापं मी वहीशेजारी लिहून ठेवली आहेत. जांभळा ०.५ बसतो १९.६ ते ३३.५ मिलिमीटरमध्ये, हिरवा ०.७५ बसतो २३.९ ते ४१.२, लाल १ बसतो ३०.२ ते ५२.१, पिवळा २ बसतो ३७.२ ते ६४.९. हे आकडे टोकाचे आहेत, त्यांवर भरवसा ठेवून कॅम लावायचा नसतो. पाकळ्या अर्ध्याहून थोड्या जास्त मिटलेल्या राहतील असं माप निवडायचं. पूर्ण मिटवून कोंबला तर अडकतो आणि काढता येत नाही, अगदी उघडला तर जरा हलला की निसटतो. सी-फोरसारख्या दोन आसांच्या कॅमचा फायदा इथे कळतो. एका आसाचा जुना फ्रेंड साधारण दीडपटीपर्यंत उघडतो, दोन आसांचा १.७ पटीपर्यंत. भेगेचं माप डोळ्यांनी थोडं चुकलं तरी दोन आसांचा सांभाळून घेतो. दमलेल्या हाताने, वाकलेल्या मानेने माप ओळखताना हा फरक लहान नाही.

तेव्हा जांभळा, हिरवा, लाल, पिवळा, प्रत्येकी एक. तुझ्याकडे हे आहेतच, म्हणजे जोड्या होतील. कंपनीचा मी आग्रह धरत नाही. डीएमएमचा ड्रॅगन आणि वाइल्ड कंट्रीचा नवा फ्रेंड यांची स्लिंग सोडून लांब करता येते. आपल्या भेगा वाकड्यातिकड्या आहेत, दोराच्या हलण्याने कॅम आत-आत चालत जातो, तिथे त्या लांब स्लिंगचा उपयोग होतो. पण मला सी-फोरचं अंगठ्याचं कडं आवडतं, आणि लांबीसाठी आपल्याकडे ६० सेंटिमीटरच्या स्लिंग आहेतच. सी-फोरच्याच हलक्या अल्ट्रालाइट प्रकाराच्या मोहात मात्र पडू नकोस. त्यांच्या दांड्यात तारेऐवजी डायनिमा हा कृत्रिम धागा असतो. आपला कडा बांधापासून वीस मिनिटांवर आहे, तिथे वजन वाचवून काय करणार? टोटेम नावाचा कॅम कधीतरी एक घ्यावा अशी माझीही इच्छा आहे, बाहेरच्या बाजूला फाकत जाणाऱ्या दोन-तीन जागा आहेत तिथे तो चांगला बसेल. पण या वर्षी नको. एक कॅम आठ-दहा हजारांच्या घरात जातो. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे एका कॅमसाठी क्विंटलाहून जास्त कापूस वेचावा लागतो. मी तरी प्रत्येक नग असा मोजतो.

जुने टाकू नकोस असं म्हणतो त्याचं कारण धातू अजून ठणठणीत आहे. मी माझ्याकडचे सगळे कोमट पाण्यात साबण घालून, दात घासायच्या जुन्या ब्रशने धुतले. पाण्याचा काळा चहा झाला. सुकल्यावर मेणाचं वंगण लावलं. मोटारीचं तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, आपल्याकडची धूळ त्यावर बसली की आठवड्यात लापशी होते. दोन कॅमच्या ट्रिगरच्या, म्हणजे पाकळ्या मिटवायच्या खटक्याच्या, तारा पिंजल्या होत्या त्या बदलल्या, ते काम मला जमतं. स्लिंगचं काम मात्र घरच्या घरी कुणीच करू नये. परतवाड्यात सीटकव्हर शिवणारा माझा चांगला मित्र आहे, एकदा मनात आलंही होतं, पण त्या शिलाईवर तुझा जीव टांगायचा नाही मला. पट्टी न वापरता ठेवली तरी दहा वर्षांच्या वर वापरायची नसते, आणि आपल्या उन्हात तर त्याच्या आधीच तिचा रंग उडतो. लेबलवरचं साल बघ. काही कंपन्या स्वतः नव्या स्लिंग शिवून देतात, तिथेच पाठव.

त्यातले दोन जुने फ्रेंड कडक दांड्याचे आहेत, सरांनी दिलेले. ते फक्त उभ्या भेगेत वापरू. आडव्या भेगेत तो दांडा कडेवर टेकतो आणि पडताना वाकतो किंवा तुटतो. वापरायचीच वेळ आली तर दांड्याच्या वरच्या भोकात दोर ओवून, पाकळ्यांच्या जवळून ओढ घ्यायची. मी दोन्हींना तसा दोर बांधून ठेवलाय.

आठ कॅमचं काय? समक्ष जाऊन बघ. पाकळ्यांची कड कुठे चपटी झालीय का, आस वाकलाय का, डोक्याजवळ केबलची एखादी तार तुटलीय का, आणि ट्रिगर सोडल्यावर चारही पाकळ्या एकदम उघडतात का. यातलं काहीही खटकलं तर किंमत विचारूच नकोस. सगळं नीट असेल तर जांभळा ते पिवळा यांतलेच माग, आठ नको. आणि त्याला सरळ विचार की यावर कितीदा पडलास. माणूस कसा सांगतो त्यावरूनही बरंच कळतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ये. दगड थंड असतो आणि गाळ पूर्ण सुकलेला, घासून काढता येतो. मेळघाटाच्या जंगलात किंवा गाविलगडाच्या तटाला आपण हात लावणार नाही, मामाचाच कडा. उजव्या टोकाला छपराखाली आग्यामोहोळ बसलंय, त्या बाजूच्या तीन भेगा या वर्षी सोडून देऊ. मामाने मोहोळ काढायला माणूस बोलवायचं म्हटलं होतं, मीच नको म्हणालो.

बडनेऱ्याला उतर, तिथून अमरावतीमार्गे परतवाड्याची बस मिळते. दोर, हेल्मेट, नट (भेगेत अडकवायचे धातूचे तुकडे) सगळं इथे आहे. तू येताना नायलॉनचे ताठ, लांब दांड्याचे दोन ब्रश आण, इथे मिळाले नाहीत. पहिला दिवस चढायचं नाही, वरून उतरून चिंचेची भेग तळापर्यंत घासायची. दुसऱ्या दिवशी तू लीड कर, म्हणजे आधी चढ, मी खाली बिलेला.

तुरी भरल्या आहेत. आई म्हणाली, विनू आला की सोलेभात.

तुझा,
बंड्या

ता. क. वहीतल्या मापांचा फोटो पाठवतो. पैसे भरण्याआधी एकदा तो समोर ठेव.