ठमीच्या केसपेपरवरील चुकीच्या नोंदीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: गिनीपिगच्या त्वचेच्या आजारावर मिळालेला सल्ला, त्यावर विचारलेल्या प्रश्नांची झालेली बोळवण आणि केसपेपरवरील ‘मालकाचा उपचारास नकार’ ही नोंद रद्द करण्याबाबत

संदर्भ: परतावा नाकारल्याचे आपले ईमेल

महोदय / महोदया,

माझी परताव्याची मागणी फेटाळताना आपण दोन कारणे दिली आहेत. एक, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध मी दिलेच नाही, म्हणून ‘मालकाचा उपचारास नकार’. दुसरे, मी पुढे ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनाही तपासणीत खरजेचे किडे सापडले नाहीत, म्हणून आपल्या डॉक्टरांचे चुकले असे सिद्ध होत नाही. वाचायला दोन्ही वाक्ये चोख आहेत. पण दोन्हींत गफलत आहे आणि ती मला लेखी मांडायची आहे. पत्र लांबेल, त्याला इलाज नाही. थोडक्यात सांगून पाहिले, त्याचे उत्तर काय आले ते वर लिहिलेच आहे.

ठमी ही आमची गिनीपिग मादी. तिच्याच पिंजऱ्यात बकुळा नावाची दुसरी मादी असते. ठमीचे खांद्यावरचे आणि पाठीवरचे केस विरळ झाले, मग जाऊ लागले. खाली कातडीवर पिवळट खपल्या आणि कोंडा दिसू लागला. पाठीवरून हात फिरवला की ती किंचाळायची आणि मान वळवून तिथेच चावे घ्यायची. हे सगळे मी आपल्या दवाखान्यात सांगितले. केसपेपरवर त्यातले ‘खाज, केसगळती’ एवढेच उतरले आहे.

डॉक्टरांनी खोलीतला दिवा घालवून जांभळ्या उजेडाच्या दिव्याखाली तिला पाहिले आणि बुरशी नाही असे सांगितले, कारण काही चमकले नाही. त्यानंतर त्यांनी बुरशीवरचे मलम लिहून दिले. बुरशी नाही तर मलम कशाला, असे मी विचारले. ‘सेफ्टी म्हणून,’ असे उत्तर मिळाले. आता त्या दिव्याविषयी. गिनीपिगला होणारा गजकर्ण बहुतेक वेळा ट्रायकोफायटन मेंटाग्रोफाइट्स या बुरशीमुळे होतो आणि ही बुरशी त्या दिव्याखाली चमकत नाही. म्हणजे दिव्याने ‘नाही’ म्हटल्याला अर्थ नाही. खात्री करायची तर कडेचे केस उपटून ते वाढीच्या चाचणीसाठी पाठवावे लागतात. तसे पाठवले नाहीत. शिवाय हा गजकर्ण माणसांनाही होतो. मनात बुरशीचा संशय होता म्हणून मलम दिले असेल, तर हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा, एवढे तरी सांगायला हवे होते. संशय नव्हता, तर ते मलम बिलात का आले?

किडे आहेत का ते पाहण्यासाठी कातडी खरवडून नमुना घेतला नाही. ‘कोरडी त्वचा आहे, त्यात जंतू शिरलेत’ हे निदान डोळ्यांनी पाहून झाले.

मग अमॉक्सिसिलिन, म्हणजे जंतूंवरचे औषध. तोंडाने द्यायचे, दिवसातून दोनदा. आपली सगळी तक्रार याच औषधाभोवती फिरते म्हणून तिथे झालेले बोलणे जसेच्या तसे लिहिते.

मी विचारले, “डॉक्टर, हे पेनिसिलिनच्या जातीतलं ना? गिनीपिगला चालतं?”

“अगदी लहान पिल्लांनासुद्धा देतो आम्ही.”

“पिल्लं म्हणजे कुत्र्याची?”

“तुम्ही नेटवर वाचून आलात का?”

“वाचलं कुठेही असेल, पण याऐवजी दुसरं काही देता येईल का?”

यावर त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. ते उद्धट नव्हते, हेही नोंदवून ठेवते. बाहेर रांग होती आणि ते घाईत होते.

मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पशुवैद्यकाच्या संदर्भग्रंथांत स्पष्ट आहे. गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू प्रामुख्याने ग्रॅम पॉझिटिव्ह गटातले असतात. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, तसेच लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन ही औषधे नेमके तेच मारतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियमसारखे जंतू माजतात, त्यांचे विष आतड्यात पसरते, जुलाब लागतात आणि काही दिवसांत प्राणी दगावू शकतो. जंतुसंसर्ग असेलच तर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा हे पर्याय या प्राण्यासाठी वापरले जातात. ‘दुसरं काही’ या माझ्या मागणीला एका शब्दात उत्तर देता आले असते. ते मिळाले नाही म्हणून बाटली तशीच न उघडता घरी राहिली. काउंटरवर मात्र माझ्या केसपेपरवर ‘उपचारास नकार’ असे टाइप झाले. पर्याय मागणाऱ्याला नकार देणारा ठरवणे हे कोणत्या नियमात बसते, ते मला कळवावे.

वजनाचेही तेच. आपल्या दवाखान्यातला काटा टेबलातच बसवलेला आहे आणि तो अर्ध्या किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो. ठमीला ठेवले तेव्हा १.५ आले. ती थोडी सरकली आणि ०.५ झाले. मग १.०. केसपेपरवर १.५ किलो लिहिले गेले. कुत्र्यासाठी हा काटा ठीकच असेल. नंतरच्या डॉक्टरांनी ग्रॅमच्या काट्यावर तिला एका डब्यात बसवून तोलले, तेव्हा वजन ९१० ग्रॅम भरले. फरक किती महाग पडू शकतो हे त्यांनी मला कागदावर करून दाखवले. आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारे औषध त्यांनी पुढे ठमीला दिले. ते किलोमागे ०.४ मिलिग्रॅम धरले तर तिला लागते ०.३६ मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्का द्रावणाचे साधारण ०.०३६ मिलिलिटर. थेंबाहूनही कमी. ते त्यांनी इन्सुलिनच्या बारीक सिरिंजमध्ये, डोळ्यांसमोर धरून, बुडबुडा काढून घेतले. दीड किलो धरले असते तर डोस दीडपटीच्या वर गेला असता. आणि डोसाचे सोडा, गिनीपिग आजारी पडला की आधी वजन उतरते. नऊशे ग्रॅमच्या प्राण्याचे शंभर ग्रॅम घटले तर ते आपल्या काट्याला कधी कळणारच नाही.

बिलात आणखी एक बाटली होती, ‘त्वचेसाठी मल्टीव्हिटॅमिन’. लेबलावर कुत्र्याचे चित्र. मागची यादी मी काउंटरवरच वाचली. अ, ड, ई, ब गट, जस्त, सगळे होते, फक्त क जीवनसत्त्व नव्हते. कुत्रा क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतो, म्हणून कुत्र्याच्या बाटलीत ते नसले तरी चालते. गिनीपिगला माणसासारखेच ते बनवता येत नाही. निरोगी असताना किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम ते बाहेरून मिळावे लागते, आजारात त्याहून जास्त. ते कमी पडले की केस राठ होतात, सांधे दुखतात, जखमा भरत नाहीत. त्वचेची तक्रार घेऊन आलेल्या गिनीपिगला जे एक जीवनसत्त्व विचारून द्यायला हवे, नेमके तेच नसलेली बाटली आपण मला विकलीत. ती परत घ्यायलाही काउंटरने नकार दिला. तो नकार कुठे टाइप झालेला दिसला नाही.

पुढे एका रात्री खाजवता खाजवता ठमी कुशीवर कलंडली. मागचा पाय हवेतच खाजवत राहिला, मान मागे ओढली गेली आणि सगळे अंग ताठ होऊन थरथरू लागले. मी आपल्या चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीने प्राणी कोणता ते विचारले. तिच्या यादीत कुत्रा, मांजर, पक्षी आणि इतर एवढेच आहे, असे तिनेच मला सांगितले. तिने ‘इतर’ निवडले, ‘घाबरली असेल, अंधारात ठेवा’ असे वाचून दाखवले आणि आठवड्याच्या शेवटची वेळ दिली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिला जी यादी दिली, तिच्याबद्दल आहे.

गिनीपिगमध्ये खाजेमुळे असे झटके येणे ही खरजेची ओळखीची खूण आहे. तो किडा ट्रिक्साकॅरस कॅव्हीई. १९७२ पासून तो शास्त्राला नावानिशी माहीत आहे. तो कातडीच्या वरच्या थरात बोगदे करून राहतो, म्हणून खाज भयंकर असते आणि खांदे, पाठ, मांड्यांची आतली बाजू इथे जास्त दिसते. ठमीचे वर्णन मी पहिल्याच भेटीत केले होते, ते पुन्हा वाचून पाहावे.

आता आपले दुसरे कारण. होय, नंतरच्या डॉक्टरांनी खरवडून घेतलेल्या नमुन्यात किडा दिसला नाही. ते त्यांच्याच अहवालात लिहिले आहे आणि तो अहवाल मीच आपल्याला पाठवला, लपवला नाही. पण त्याच अहवालातली पुढची ओळ आपण सोडून दिलीत: नमुना रिकामा आला तरी खरूज नाही असे म्हणता येत नाही, लक्षणांवरून उपचार सुरू करत आहे. किडे कातडीच्या आत असतात, थोडे असतात, पाते ज्या जागी फिरते तिथे ते असतीलच असे नाही. म्हणून जाणकार डॉक्टर अशा वेळी औषध देऊन पाहतात आणि त्याला मिळणाऱ्या प्रतिसादावरून निदान पक्के करतात. आयव्हरमेक्टिन अंडी मारत नाही, म्हणून एका इंजेक्शनवर काम भागत नाही. अंड्यांतून निघालेले नवे किडे मारण्यासाठी ते ठरावीक अंतराने पुन्हा द्यावे लागते. तसे दिले. झटके थांबले, खपल्या गळाल्या, पाठीवर मऊ केसांची लव आली. बुरशीवरचे मलम एव्हाना बंद होते आणि जंतूंवरचे कुठलेही औषध दिलेले नव्हते. मग प्रतिसाद कशाला मिळाला?

आपल्या डॉक्टरांनी पहिल्या नजरेत किडा ओळखायला हवा होता असा माझा दावा नाही. कोणाचाही अंदाज चुकू शकतो. पण न खरवडता, न तोलता, न विचारता केलेल्या तपासणीने जे शोधलेच नाही, ते दुसऱ्याच्या तपासणीतही सापडले नाही म्हणून आपण पहिल्या तपासणीला बरोबर ठरवत आहात. हा युक्तिवाद आपल्या कायदेशीर विभागाला चालत असेल, वैद्यकीय विभागाने तो मान्य करू नये.

बकुळाचेही सांगायचे राहिले. पहिल्या भेटीला मी दोघींना घेऊन आले होते. ‘एकाच पेशंटची फी भरली आहे’ म्हणून बकुळाला टोपलीतून काढूच दिले नाही. खरूज संसर्गाने पसरते. एकत्र राहणाऱ्या सगळ्यांवर उपचार करावे लागतात, लक्षणे असोत वा नसोत. तिलाही पुढे खाज सुटली. तिच्या उपचारांचा खर्च मी मागत नाही, पण पाळलेल्या प्राण्यांत जोडीने राहणारेही असतात ही गोष्ट आपल्या फीच्या तक्त्यात कुठेतरी यावी.

माझ्या मागण्या अशा. केसपेपरवरील ‘मालकाचा उपचारास नकार’ ही नोंद काढून त्या जागी ‘मालकाने औषधाच्या सुरक्षिततेबाबत प्रश्न विचारला व पर्याय मागितला’ असे लिहावे आणि दुरुस्त प्रत मला द्यावी. हे मला पैशांपेक्षा महत्त्वाचे वाटते, कारण ती नोंद आपल्या सगळ्या शाखांमध्ये दिसते आणि उद्या ठमीला दुसऱ्या कशासाठी आणले तर डॉक्टर आधी तीच वाचतील. अमॉक्सिसिलिन आणि मल्टीव्हिटॅमिन या दोन्ही बाटल्यांचे पैसे परत करावेत. मलम वापरले गेले, त्याचे मागत नाही. तपासणी फीबद्दल आपण काय ठरवता ते पाहीन, मात्र त्यासोबत कारण द्यावे.

गिनीपिग, ससे असे प्राणी तपासण्याचा अनुभव असलेले डॉक्टर आपल्या कोणत्या शाखेत बसतात, ते आपल्या ॲपवर दिसावे. कुठेच बसत नसतील तर तसे लिहावे आणि वेळ देतानाच सांगावे. मला आधी कळले असते तर मी दुसरीकडे गेले असते आणि आपल्या डॉक्टरांनाही अवघडल्यासारखे झाले नसते. निदान औषधाच्या संगणकात प्राणी ‘गिनीपिग’ निवडल्यावर तोंडाने द्यायच्या पेनिसिलिनला अडवणारी एक सूचना बसवता येईल. ज्या संगणकाला माझा नकार ताबडतोब नोंदवता आला, त्याला हेही जमावे.

दोन्ही बाटल्या माझ्याकडे आहेत, एकीचे सील शाबूत आहे. त्या कोणत्या शाखेत जमा करायच्या ते सांगावे. उत्तर कृपया फोनवर देऊ नये, लेखी द्यावे.

आपली ग्राहक
(नाव व संपर्क केसपेपरवर आहे)

सोबत: बिल व चिठ्ठीची प्रत, केसपेपरची प्रत, नंतरच्या डॉक्टरांचा पूर्ण अहवाल (सुटलेल्या ओळीखाली रेघ मारली आहे), उपचारांपूर्वीचे व नंतरचे फोटो