आईच्या हातात ब्रश देणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

समोर भेटल्यावर तुम्ही थँक्यू म्हणूच देत नाही, लगेच पुढच्या आजींच्या टेबलाकडे वळता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आईचा हात थरथरतो म्हणून जो तो तिला सगळं हातात आणून द्यायचा. तुम्ही मात्र चित्रकलेच्या पहिल्याच क्लासला तिला जाड दांड्याचा ब्रश दिलात, कागद हलू नये म्हणून टेबलाला टेपने चिकटवलात आणि तिने "कुठला रंग घेऊ?" विचारल्यावर "तुम्हाला कुठला आवडेल?" एवढंच म्हणालात. या वयात कुठली गोळी कधी घ्यायची, डॉक्टरकडे कधी जायचं हे सांगणारे भरपूर असतात हो, पण तुला काय आवडेल असं विचारणारं कुणी नसतं.

नंतर मी याबद्दल बरंच वाचलं, तेव्हा तुम्ही तिचं चित्र कधीच स्वतः हात लावून नीट का करून देत नाही ते कळलं. जर्मनीत 28 निवृत्त लोकांवर एक अभ्यास झाला होता, 2014 साली छापून आला. अर्ध्यांनी 10 आठवडे स्वतः चित्रं वगैरे केली, बाकीच्यांनी म्युझियममध्ये चित्रं बघून त्यावर गप्पा मारल्या, आणि मेंदूच्या भागांमधला आपसातला ताळमेळ सुधारला तो स्वतः करणाऱ्यांचा! माणसं थोडीच होती हे मान्य, पण मला ते पटलं, कारण आईकडे रोज बघतेय ना. रंग निवडायचा, किती पाणी घ्यायचं ते ठरवायचं, हात सावरायचा, चुकलं तर त्यातूनच काहीतरी काढायचं, हे सगळं डोकं आणि हात मिळूनच करतात, ते दुसऱ्याने करून दिलं तर उरतं काय?

आणि सोबतीचं तर बोलायलाच नको. अमेरिकेत जीन कोहेन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2001 पासून असाच एक अभ्यास केला, त्यात सरासरी 80 वयाचे लोक कॉयरमध्ये, म्हणजे सगळे मिळून एकत्र, गायचे. वर्षभराने बघितलं तर न गाणाऱ्यांपेक्षा त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी, पडणं कमी, एकटेपणाही कमी. आईची बीपीची गोळी चालूच आहे आणि चालूच राहणार, चित्रकला म्हणजे काही औषधाला पर्याय नाही, तुम्हीही तसं कधी म्हणाला नाहीत आणि ते मला फार आवडलं. पण क्लासच्या दिवशी ती स्वतःहून लवकर आवरते, मैत्रिणीला फोन करून "येतेयस ना?" विचारते, रात्री झोपही चांगली लागते. आधी दुपारभर नुसती पडून असायची.

मनापासून थँक्यू ताई. पुढच्या बॅचला मातीकाम आहे असं आई सांगत होती, तिचं नाव नक्की लिहून घ्या, आणि टेबलं लावायला, सामान धुवायला कुणी हवं असेल तर मला सांगा, मी येते.