लोणारचे सरोवर आणि पहिली पेशी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत लोणार सरोवरावर आलेला लेख आमच्या भागात आवडीने वाचला गेला. लवणासुराची कथा आणि दैत्यसूदनाचे मंदिर एवढ्यावर न थांबता लेखक पाण्यातील सूक्ष्मजीवांकडे वळले, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. मात्र पृथ्वीवरचे पहिले जीव आजही या पाण्यात नांदतात आणि निर्जीवातून सजीव कसा झाला हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे, अशा अर्थाची जी दोन विधाने त्यात आहेत, ती तशीच सोडून देण्यासारखी नाहीत. कारण दहावीची मुले असे लेख कापून वहीत चिकटवतात.

पहिले विधान वयाच्या हिशेबातच बसत नाही. ज्या काळ्या पाषाणात लोणारचे विवर आहे तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि विवराचे वय आर्गॉन पद्धतीने (खडकात साठलेला आर्गॉन वायू मोजून) सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे निघाले आहे (त्याआधी ते जेमतेम 50 हजार वर्षांचे मानले जाई, आणि तोच आकडा अजून अनेक ठिकाणी छापला जातो). पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात मात्र सूक्ष्मजीवांनी रचलेल्या थरांचे सुमारे 348 कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. जून 2020 मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून त्याचे कारण हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले होते. आर्किया हा जीवाणूंपासून वेगळा गट आहे, हे कार्ल वूझ यांनी 1977 मध्ये दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात, पण आर्कियांच्या पेशीपटलातील स्निग्ध रेणूंची जोडणीच निराळी असते. हा वंश जुना आहे, हे खरे. परंतु हॅलोआर्कियांपैकी बहुतेकांना ऑक्सिजन लागतो, आणि हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा आज लोणारात दिसणारे जीव पहिल्या पेशीचे दूरचे वारस आहेत, जसे आपणही आहोत.

दुसरे विधान अधिक नडणारे आहे. 1953 मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, मिळवली. प्रयोग मोठाच, पण अमिनो आम्ल म्हणजे जीव नव्हे. पेशीला आत-बाहेर वेगळे ठेवणारे पटल लागते, अन्नातून ऊर्जा काढण्याची सोय लागते आणि पुढच्या पिढीला देण्याची माहिती लागते. अडचण अशी की, डीएनएची नक्कल करायला प्रथिने लागतात आणि ती प्रथिने कशी घडवायची हे डीएनएतच लिहिलेले असते. कोंबडी आधी की अंडे, असा हा पेच आहे. डीएनएचाच भाऊबंद असलेला आरएनए हा रेणू माहितीही साठवतो आणि स्वतः रासायनिक क्रियाही घडवतो, या शोधासाठी ऑल्टमन आणि चेक यांना 1989 चे नोबेल मिळाले, तेव्हा या पेचातून एक वाट दिसली. पुढे रायबोसोमची, म्हणजे पेशीतील प्रथिने घडवणाऱ्या यंत्राची, रचना उलगडल्यावर (2009 च्या त्या नोबेलमध्ये आपले वेंकटरामन रामकृष्णन होते) प्रथिनांचे दुवे जोडणारा रायबोसोमचा गाभा आरएनएचाच असल्याचे स्पष्ट झाले. तरीसुद्धा साध्या रसायनांपासून सुरुवात करून स्वतः वाढणारी, विभागणारी आणि उत्क्रांत होणारी पेशी आजवर कोणीही बनवलेली नाही.

लोणारचा या प्रश्नाशी खरा संबंध वेगळाच आहे, आणि नेमका तोच लेखातून निसटला. आरएनए असो की पेशीपटल, फॉस्फरस हवाच. पण सामान्य पाण्यात कॅल्शियम त्याला धरून तळाशी नेते. कार्बोनेटने भरलेल्या सरोवरात कॅल्शियम कार्बोनेटलाच जाऊन मिळते आणि फॉस्फरस फॉस्फेटच्या रूपात पाण्यात विरघळलेला राहतो. म्हणून पहिल्या रसायनांची जुळवाजुळव अशा सरोवरांत झाली असावी, असे टोनर आणि कॅटलिंग या अमेरिकेतील संशोधकांनी 2019 मध्ये मांडले. लोणारचे पाणी याच जातीचे आहे. अर्थात हा तर्क आहे, निकाल नव्हे.

निकाल लागलेला नाही असे म्हणताच आमच्याकडे लगेच कोणीतरी म्हणते की, मग शास्त्रज्ञांपेक्षा आमचे बरे, ज्वारीच्या पोत्यात सोंडे आपोआप पडतात तसाच जीवही आपोआप पडला. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक बुजवून टाकते, म्हणून तो आपोआप झाल्यासारखा दिसतो एवढेच. पेशी पेशीपासूनच होते, हे फिर्खो यांनी 1855 मध्ये ठासून सांगितले आणि पुढच्या काही वर्षांत पाश्चर यांच्या बाकदार नळीच्या चंबूंनी (त्यांत उकळून ठेवलेल्या द्रवात जंतू आपोआप झाले नाहीत) त्यावर शिक्कामोर्तब केले. तो नियम आजच्या जगाचा आहे. पहिल्या पेशीच्या वेळी हवेत ऑक्सिजन नव्हता आणि तयार झालेली रसायने खाऊन टाकणारा दुसरा जीवही नव्हता. ही दुसरी गोष्ट डार्विन यांनी 1871 मध्येच एका पत्रात लिहून ठेवली आहे. पहिली पेशी कशी झाली आणि तिच्यापासून पुढची जीवसृष्टी कशी पसरली, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिला सुटलेला नाही म्हणून दुसऱ्याचे भक्कम उत्तर डळमळत नाही.

मुलांना पेशी दाखवायची तर आमच्याकडे साधन शिवारातच आहे. फुलोऱ्यातले सोयाबीन मातीसकट अलगद उपटावे, मुळावरची गाठ नखाने फोडावी; आतून ती गुलाबी-लाल दिसते. त्या गाठीतल्या पेशींच्या आत ऱ्हायझोबियमचे जीवाणू पटलात गुंडाळून बसलेले असतात आणि हवेतला नत्र बांधून झाडाला देतात. आपल्या पेशींतील ऊर्जा पुरवणारा घटक, मायटोकॉन्ड्रिया, एके काळी असाच आत आलेला स्वतंत्र जीवाणू होता, हे लिन मार्गुलिस यांनी 1967 मध्ये मांडलेले मत आज सर्वमान्य आहे. ते शिकवायला याहून सोपे उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि कपाटात कुलूपबंद असलेल्या सूक्ष्मदर्शकाची किल्ली मिळाली तर अधिकच चांगले.

लेखातील दोन्ही विधानांची दुरुस्ती आपण छापावी आणि सोबत गाठीचे एक छायाचित्र द्यावे, ही विनंती. शेंगा भरत आल्या की गाठी विटतात, त्यामुळे हे ऑगस्ट संपायच्या आत व्हावे.

आपला,
एक वाचक, निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. मेहकर, जि. बुलढाणा