बांधावरची जाळी राहू दे

खानापूर,
चैत्र वद्य पंचमी

चि. बाळ यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू खालच्या शेताला चारी बाजूंनी तारेचं कुंपण घालायचं म्हणालास. सिमेंटचे खांब, काटेरी तार, सगळा खर्च तू करणार. गेल्या साली डुकरांनी ऊस लोळवला त्याचा तुझ्याइतकाच मलाही संताप आहे. रस्त्याच्या आणि ओढ्याच्या अंगाला तार घाल, माझी ना नाही. पण पश्चिमेच्या बांधावरची करवंदीची जाळी जेसीबी लावून काढायला मी तयार नाही. घाईत बोलून हे पटवता येणार नाही, म्हणून सवडीने लिहिते.

आत्ता त्या जाळीत एकाच फांदीवर फूलही आहे आणि फळही. शेंड्याला पांढरी, पाच पाकळ्यांची फुलं. कळ्या बाहेरून किंचित गुलाबी. जरा मागे हिरवी करवंदं धरलीत, अजून टणक. दिवस कलला की वास गोठ्यापर्यंत येतो. काल लोणच्यासाठी ओटीभर कच्ची तोडून आणली. देठ मोडला की पांढरा चीक थेंबाथेंबाने वर येतो आणि बोटं एकमेकांना चिकटतात. पाण्यात घालून चीक काढल्याशिवाय पुढचं काही करता येत नाही. काटेही बघ एकदा जवळून. जोडीजोडीने असतात, काहींना टोकाशी पुन्हा फाटा. जुन्या माणसांनी ही जाळी बांधावर राखली ती त्यासाठीच, गुरं तिच्यात तोंड घालत नाहीत. डुकरं शिरतात ती मोटारसायकल जायला वाट पाडलीय ना, तिथून. ती फट पावसाळ्यात करवंदीचीच रोपं लावून बुजवता येईल. आणि गवा आला तर तुझ्या तारेला तरी कुठे जुमानणार आहे?

घाणेरी मात्र खुशाल काढ. ती मूळची आपल्याकडची नाहीच, अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली. आता करवंदीच्या डोक्यावर चढून तिला ऊन मिळू देत नाही. मुळासकट उपटायला हवी, नुसती छाटली तर दुप्पट फुटते.

त्या बांधावर वर्षभर काय काय चालतं ते तू लहान असताना सगळं पाहिलं आहेस, पण आता दिवाळी नि गणपतीला चार दिवस येतोस, तेव्हा नेमकं हे काही नसतं. कोपऱ्यातला पांगारा माघात सगळी पानं टाकतो आणि नुसता लाल होऊन उभा राहतो. साळुंक्या, बुलबुल, कावळे, कोतवाल, सगळ्यांची तिथे मधासाठी भांडणं. ओढ्याकाठची सावरही त्याच सुमाराची. तिची जाड फुलं धपकन खाली पडतात आणि शेळ्या ती वेचून खातात. आता तिची बोंडं उकललीत, कापूस अंगणात येतो.

पण यंदा मला वेड लावलं ते अंजनीने. ते बुटकं, काळपट हिरवं झाड, एरवी आपण त्याच्याकडे बघतही नाही. फाल्गुनात एका सकाळी त्याच्या काड्याकाड्यांना निळीजांभळी फुलं लगडली होती. फांदीच्या टोकाला नाही हं, जुन्या काडीलाच, पेरापेराशी बारीक झुबके. आतले केसर टाचणीच्या डोक्यांसारखे बाहेर आलेले. असा निळा रंग मी दुसऱ्या कुठल्या झाडाला पाहिलेला नाही. तुझ्या बाबांना हाक मारून दाखवलं, तर तेही काही न बोलता बराच वेळ उभे राहिले. थोड्याच दिवसांत सगळं खाली, जमीन निळी. आता तिथे हिरवी बारीक फळं आहेत, ती काळी झाली की पाखरं येतील.

माघी पौर्णिमेला आम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेलो होतो. आपली मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि तिकडे नविलुतीर्थाच्या धरणात साठते. नदी एकच, जिल्हा एकच, पण झाडं बघावीत तर देश बदलल्यासारखा वाटतो. इकडे जांभूळ, फणस, अंजनी, घाटाकडे गेलं की रातांबा. तिकडे बाभूळ, बोर, कडुनिंब. वाटेत मोकळ्या माळावर पळस पेटलेला होता. तिकडचे लोक आपली करवंदं बाजारात विकत घेतात, आपल्याला ती बांधावर मिळतात.

विकत घेतात म्हणजे कुणीतरी विकतं, हेही ध्यानात घे. खालच्या वाडीतल्या मावशी वैशाखात पहाटेच आपल्या जाळीपाशी येतात, बुट्टी भरतात आणि पहिल्या गाडीने बेळगावला जातात. करवंदं संपली की जांभळं. परवा विहिरीवर मला म्हणाल्या, "वैनी, जाळी काढूलालासा म्हणे?" एवढंच. मी नाही म्हणून सांगितलं, तुला न विचारता. पलीकडे भीमगडला २०११ साली अभयारण्य झालं. तिथलं जंगल राखायलाच हवं, जांभळं-करवंदं अस्वलांनाही लागतात. पण तिथून कुणाला काही तोडून आणता येत नाही. मग गावातल्या माणसांना उरतात ते बांध. शेजारच्या दोघांनी तार घातली तेव्हापासून या अंगाला एवढी लांब जाळी आपलीच राहिली आहे.

जांभळाने यंदा फूल खूप धरलं आहे. खाली उभं राहिलं की मधमाश्यांचा आवाज वरून येतो आणि केसर अंगावर गळतं. आपलं झाड राय जांभळाचं, गर भरपूर. ओढ्यापलीकडचं लेंडी जांभूळ, बीच जास्त. वळवाने झोडपलं नाही तर ज्येष्ठात, वटपौर्णिमेच्या वाणापुरती तरी घरची जांभळं नक्की मिळतील.

तेव्हा तारेचे पैसे दोनच बाजूंचे पाठव. आणि मृग लागायच्या आधी पोरीला घेऊन चार दिवस ये. एकदा पाऊस बसला की करवंदात अळ्या होतात. करवंद फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ तिला अजून कुणी शिकवलेला नाही. तिचे जुनेच कपडे आण, जांभळाचे डाग निघत नाहीत. सूनबाईंना आशीर्वाद. लोणच्याची बरणी शनिवारच्या बसने पाठवते, उतरवून घे.

तुझी,
आई