योना रागावला होता तेव्हा

चि. डॅनियल,

अनेक आशीर्वाद. काल "त्यांचं नाव माझ्यासमोर काढू नकोस" म्हणून तू फोन ठेवलास. काकांचं डायलिसिस सुरू झालंय, एवढंच मला सांगायचं होतं. त्यांना फोन कर असं म्हणणार नव्हते. आताही म्हणत नाही.

योम किप्पूर, आपला प्रायश्चित्ताचा उपास, आठवड्यावर आला. दुपारच्या प्रार्थनेत योना संदेष्ट्याचं पुस्तक वाचायचा मान यंदाही बाबांना आहे. रोज रात्री जेवणं झाली की उजळणी चालते. लहानपणी तुला त्यातला योनाला गिळणारा मासा तेवढा आवडायचा. चौथा अध्याय येईपर्यंत तू वर बायकांच्या सज्जात माझ्या मांडीवर झोपलेला असायचास, आजी तुझे पाय धरून बसायची.

पण खरी गोष्ट त्या चौथ्या अध्यायातच आहे रे. देवाने निनवे शहराला इशारा द्यायला पाठवलं, तर याफोच्या बंदरात भाडं भरून योना उलट दूर तार्शीशच्या जहाजावर चढला, तो भिऊन नव्हे. देव कनवाळू आहे, मंदक्रोध आहे, निनवेकरांनी गोणपाट नेसून उपास केला की तो त्यांना सोडून देणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेच त्याला नको होतं. आणि निनवेकर म्हणजे कोण? अश्शूरी. त्यांनीच पुढे आपलं इस्राएलचं उत्तरेचं राज्य बुडवलं. योनाचा राग मी कधीच खोटा म्हणणार नाही. तुझाही नाही. वाडी विकताना बाबांना कुणी विचारलंसुद्धा नाही, हे तू डोळ्यांनी पाहिलंयस.

देवानेही योनाला झिडकारलं नाही. "तुझं हे रागावणं बरोबर आहे का?" एवढंच विचारलं, तेही दोनदा. शहराबाहेर रुसून बसलेल्या त्या माणसावर वेल चढवून सावली केली. मग वेलाला कीड लागली, पूर्वेचा झळांचा वारा सुटला, डोकं तापलं, तेव्हा योना म्हणाला, जगण्यापेक्षा मेलेलं बरं. इथे आलं की माझ्या पोटात गोळा येतो. रागात तू जेवत नाहीस, झोपत नाहीस. काका राहू देत, पण तू?

हे प्रवचनच झालं. रागावू नकोस. एकटा इस्राएलात अश्दोदला गेलास, भाषा शिकलास, नोकरीत टिकलास; आपल्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये, कुणी भेटलं की बाबा आधी तेच सांगतात.

तरी शेवट वाच एकदा. वेलासाठी तू हळहळतोस, मग उजवा-डावा हात न कळणाऱ्या 1,20,000 हून अधिक माणसांची, आणि इतक्या गुरांची, मला कीव येऊ नये का, असं देव विचारतो. पुस्तक तिथेच संपतं. योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. मला त्या गुरांचं फार वाटतं, राजाने त्यांनाही उपाशी ठेवून गोणपाट घातलं होतं.

काका संध्याकाळी सहानंतर जागे असतात, तुमच्याकडे तेव्हा साडेतीन. नंबर तोच आहे. किप्पूरच्या आधी जमलं तर बघ. आणि उपास सोडताना आधी सरबत घे, एकदम जेवायला बसू नकोस.

तुझी,
आई