रविवारचा खेळ: ‘इन द हीट ऑफ द नाइट’ (१९६७)

सर्व सभासदांना,

रविवारी संध्याकाळी ठीक ६ वाजता नॉर्मन ज्युइसन यांचा हा चित्रपट दाखवू. लांबी सुमारे ११० मिनिटं, मध्यंतर नाही. उशिरा येऊ नका: खून, आणि स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या पोलीस डिटेक्टिव्ह टिब्जला (सिडनी पॉइटिए) निव्वळ काळा म्हणून झालेली अटक, दोन्ही सुरुवातीलाच येतं.

प्रोजेक्टर सांभाळणाऱ्यांनी चौकट १.८५:१ (रुंदी:उंची) ठेवावी, ताणली की चेहरे पसरतात. ब्राइटनेस अजिबात वाढवू नये. सिडनी पॉइटिए यांच्या त्वचेवर चकाकी येऊ नये म्हणून छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी प्रकाश जपून बेतला आहे. उजेड वाढवला की रात्र राखाडी होते आणि ती सगळी कारागिरी वाया जाते. अमेरिकेच्या दक्षिण भागातले उच्चार जड जातात, म्हणून सबटायटल्स सुरू ठेवा.

हरितगृहात गोरा मळेमालक एंडिकॉट टिब्जला थप्पड मारतो, टिब्ज तत्काळ परत मारतो. तेव्हा रॉड स्टायगर यांचा पोलीसप्रमुख काय करतो, ते नीट बघा. चर्चा तिथूनच सुरू करू.

कथा मिसिसिपीतली, पण पॉइटिए दक्षिणेत जायला राजी नव्हते, म्हणून बहुतांश चित्रीकरण इलिनॉयमध्ये झालं. कापसाच्या मळ्यापुरतंच टेनेसी.

संवादांत वर्णद्वेषी शिव्या आहेत. मुलांना आणताना विचार करा.