नंदे, ती डबी आधी बंद कर

कराड, रविवार रात्र

प्रिय नंदा,

काल फोनवर तू साखरपुड्याचं सगळं सांगितलंस आणि क्रीमचं अगदी शेवटी, जाता जाता. "पार्लरवालीनं घरी बनवलेलं दिलंय, पंधरा दिवसांत वांग निम्मे गेले." मी तेव्हा काही बोलले नाही. माझ्या औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, आणि फोनवर तू "बरं गं, बघते" म्हणून विषय संपवतेस हे मला शाळेपासून माहीत आहे. म्हणून हे पत्र. नीट वाच, आणि वाचायच्या आधी ती डबी कपाटात ठेवून दे. आज रात्री लावू नकोस.

साखरपुड्यात त्या बाईंनी तुला "मुलीच्या आजी का?" असं विचारलं, ते मला फार लागलं. तू हसून सांगितलंस, पण "नंतर मी एकही फोटो काढू दिला नाही" म्हणालीस तेव्हा तुझा आवाज बदलला होता. लेकीचा साखरपुडा, हौसेनं घेतलेली पैठणी, आणि आई फोटोत नाही. त्रेपन्नाव्या वर्षी चेहऱ्याचं काय एवढं, असं मी तुला अजिबात म्हणणार नाही. चारचौघांत कुणी असं बोललं की वाईट वाटतंच. पण त्या एका वाक्यापायी तू तोंडाला काय लावते आहेस, ते मला बघवत नाही.

आता माझ्या दुकानातलं सांगते. गेल्या उन्हाळ्यात एक बाई आली. शाळेत पोषण आहार शिजवते. ब्लाउजमधून बटवा काढला, बटव्यातून एक ट्यूब. शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत तोंडापर्यंत आणलेली, नाव पुसून गेलेलं. "हीच द्या ताई, दुसरी मानवत नाही." मी तिला काउंटरच्या आत घेतलं, ट्यूबलाइटखाली उभं केलं. गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली, आतून तांबड्या शिरांचं बारीक जाळं दिसत होतं. हनुवटीवर पुटकुळ्या, कानांपुढे काळी लव. दहा वर्षं लावत होती. सुरुवातीला रंग उजळला, शेजारणी विचारायला लागल्या. मग एक दिवस ट्यूब संपली आणि दुसऱ्या दिवशी तोंड भाजल्यासारखं लाल झालं, चुलीपुढे बसवेना. परत लावली, शांत झालं. तेव्हापासून सोडताच येत नव्हती.

ते स्टेरॉइड होतं. इसब, सोरायसिस अशा दुखण्यांसाठी थोडे दिवस वापरायचं मलम. डॉक्टर देतात तेव्हा ते फार गुणाचं औषध आहे. रोज चेहऱ्याला चोपडत राहिलं की कातडी विरत जाते. २०१८ साली सरकारनं ही मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. आणि नंदा, त्याच्या आधी कितीतरी वर्षं मी ती मागेल तिला देत होते. काय आहे ते शिकलेली होते, तरी देत होते, कारण मी नाही दिली तर पुढच्या दुकानात मिळायची. त्या बाईची पहिली ट्यूब माझ्याच हातून गेली असेल का, हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना. ताटावरून तशीच उठले.

तुझ्या डबीत स्टेरॉइड असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे पारा असेल. दोन्ही नसेल तर मला आनंदच आहे. पण ज्या डबीवर ना नाव, ना आत काय आहे त्याची यादी, ना बॅच नंबर, आणि जी पंधरा दिवसांत वांग घालवते, तिच्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. पारा कातडीतला रंग तयार होणंच थांबवतो, म्हणून झटकन उजळ दिसतं. पण तो कातडीतून आत जातो आणि किडनीपर्यंत पोचतो. २०२३ च्या सुरुवातीला पेपरात अकोल्याची बातमी आली होती, आठवते का? एकाच घरातली मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या किडन्यांना त्रास. तिघी ब्युटीशियनकडून मिळालेलं एकच क्रीम लावत होत्या. मुंबईला केईएममध्ये ते क्रीम तपासलं तेव्हा त्यात पारा निघाला. ते कात्रण मी काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. कुणी "गोरं व्हायचं काहीतरी द्या" म्हटलं की आधी ते वाचायला देते.

तुला आठवतं, तुमच्या चाळीत एकच टीव्ही होता आणि रविवारी आपण सगळ्या तिथे दाटीनं बसायचो? 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली १९७५ ला, आपण तेव्हा पाळण्यातून नुकत्याच उतरलो होतो. आपण मोठ्या झालो त्या जाहिरातींबरोबरच. सावळी मुलगी खिडकीशी उदास, मग ट्यूब, मग नोकरी नाहीतर नवरा. माझ्या आईला तिच्या रंगावरून किती स्थळांनी नाकारलं ते ती कधी मोजून सांगायची नाही, पण मला पावडर लावताना तिचा हात जरा जास्त जोरात चालायचा. मग संतूरची जाहिरात आली. बाईला सगळे कॉलेजातली मुलगी समजतात आणि तेवढ्यात "मम्मी!" करत पोर धावत येते. आपल्याला ती किती आवडायची! आज मला वाटतं, त्या दिवशी आपल्याला दुसरी एक भीती शिकवली गेली. लग्नाआधी काळं दिसू नये, आणि लग्नानंतर आई दिसू नये. तू लेकीच्या साखरपुड्यात फोटोतून बाजूला झालीस, त्याची सुरुवात मला त्या टीव्हीसमोर दिसते.

२०१४ साली जाहिरात परिषदेनं नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी दाखवायचं नाही. २०२० मध्ये 'फेअर' हा शब्दही नावातून गेला, 'ग्लो' आला. चांगलंच झालं. पण माझ्या काउंटरवरची मागणी कमी झाली नाही, फक्त शब्द बदलले. आता बायका "ग्लोचं" मागतात आणि चाळिशी ओलांडलेल्या "अँटी-एजिंग" मागतात. परवा बावीस वर्षांची पोरगी सुरकुत्यांचं सीरम मागत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. सुरकुती कुठे शोधायची?

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, ती बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. औषधांच्या नियमांत शेड्यूल जे नावाची यादी आहे. आम्ही अमुक बरं करतो असा दावा औषधाला कशाकशाबद्दल करता येत नाही, त्याची ती यादी. कॅन्सर आहे, मधुमेह आहे, आणि त्याच यादीत कातडीचा गोरेपणा आहे, अकाली म्हातारपण आहे. म्हणजे औषधाला जे बोलायची बंदी, त्याच्या आसपासचं क्रीम बिनधास्त बोलतं, कारण ते औषध नाही, सौंदर्यप्रसाधन आहे. खोक्यावरची वाक्यं आता मी शब्द न शब्द वाचते. "सुरकुत्या कमी होतात" असं सहसा नसतंच. "कमी दिसतात" असतं. साधा ग्लिसरीनचा हात फिरवला तरी ओल्या कातडीवरच्या रेघा संध्याकाळपर्यंत कमी दिसतात गं.

पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजेन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं कमी होतं. तुझ्या गालांचं जे झालंय ते त्याचं आहे. तू हेळसांड केलीस म्हणून झालेलं नाही. आणि वांग आले ते बाळंतपणांपासून, ऊन आणि हार्मोन दोन्हींमुळे. त्यावर चांगले उपचार आहेत, पण ते सावकाश होतात आणि ऊन लागलं की वांग परत येतात, हे खरा डॉक्टर आधीच सांगतो. तोवर उन्हाचं क्रीम लाव. तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबच्या लांब रेघ बसेल एवढं, चेहरा आणि मान मिळून. तू शिलाईला खिडकीपाशी बसतेस ना, तिथेही लाव. काचेतून सुरकुत्या पाडणारं ऊन आत येतंच. रात्री कैलास जीवन नको, तुला आधीच पुटकुळ्या येतात. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरे. यात काही महाग नाही.

आईचं शेवटचं वर्ष मी तिच्या तोंडाला रोज खोबरेल लावायचे. कपाळावर तीन आडव्या रेघा होत्या, मधली तुटलेली, जिथे ती आयुष्यभर कुंकू लावत आली. बोट तिथून जाताना दर वेळी थोडं अडायचं. तिनं डोळे मिटलेले असायचे. एकदा म्हणाली, "काळी म्हणून कुणी हात लावत नव्हतं, आता बघ." मी काहीच बोलू शकले नाही, तेल लावत राहिले. तुला हे आजवर सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मी मिरजेला येते. तू इचलकरंजीहून दहापर्यंत पोच. सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांना दाखवू, लघवीत पारा आहे का ते तपासायचं की नाही तेही विचारू. क्रीममध्ये स्टेरॉइड असेल तर थांबवल्यावर काही दिवसांत तोंड भडकेल, आग होईल. घाबरून परत लावू नकोस, थंड पाण्याची पट्टी ठेव आणि मला फोन कर, रात्री दोन वाजता केलास तरी चालेल. फारच सुजलं तर शुक्रवारची वाट न बघता तिथल्या डॉक्टरांकडे जा. पार्लरवालीशी भांडू नकोस, ती स्वतःही तेच लावत असेल. तिलाही घेऊन ये.

आणि डबी फेकू नकोस. झाकण घट्ट लावून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आण. पैठणीही आण. दवाखान्यातून सुटलो की स्टेशनजवळच्या स्टुडिओत तुझा आणि लेकीचा एक फोटो काढायचाय, तिलाही मी फोन केलाय.

तुझी,
मंगल